पासलीचं अर्धं नाव

भोर, मंगळवार संध्याकाळ, कार्तिक, १९४२

लढाई लागताच सरकारने माझं संदेश पाठवायचं यंत्र जमा करून घेतलं. ऐकायचा रेडिओ तेवढा ठेवला. त्यावर शत्रूचं केंद्र पकडलेल्या शिपायांची नावं वाचतं; मी ती टिपून त्यांच्या घरी कळवतो. शनिवारी ‘विठोबा, पासली’ एवढंच ऐकू आलं. मुलाचं नाव खरखरीत गेलं. पासली गावच्या विठोबाचे तर दोन्ही मुलगे आफ्रिकेत आहेत.

निरोप मिळाल्यावर आज त्यांची आई आणि थोरली सून चालत आल्या.

“मास्तर, थोरला का धाकला?”

नाव खरखरीत गेलं, एवढंच सांगायचं होतं. पण सून पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होती.

“थोरला,” मी म्हणालो. “जिवंत आहे.”

सून मटकन बसून रडली. का बोललो मी असं? काय अधिकार होता मला?

म्हातारी जाताना रेडिओपाशी थांबली. “आता माझ्या धाकल्याचं नाव कवा सांगल त्यो?”

“रोज ऐकतो मी,” म्हणालो.

आज पुन्हा तीच यादी लागली, नाव स्पष्ट आलं आणि ते धाकट्याचं निघालं तर? केंद्र लागायची वेळ झाली आहे. बटणाला हात लावायचा धीर होत नाही.