तेल उतरणार म्हणे

८ जुलै, संध्याकाळी ७.१०. ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल धुऊन बसलो आहे.

मोबाईलवर बाजारभाव सांगणारा तो टायवाला तज्ज्ञ हसत म्हणाला होता, पावसाळ्यात जगभर तेलाचे भाव उतरतील. त्याच्या भरवशावर मी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, धानाच्या रोवणीआधी, गावच्या शेतकऱ्यांना माझ्या ट्रॅक्टरने चिखलणीचा अख्ख्या हंगामाचा भाव सांगून बसलो. मग दूर कुठेतरी समुद्रात जहाजे अडली आणि डिझेल चढले.

आज लक्ष्मणकाकांना म्हटले, भाव थोडा वाढवा. ते बांधीतूनच, धानाच्या वाफ्यात उभे राहून, ओरडले, "पारीवर सगळ्यांसमोर शब्द देल्ला ना बे? आता काहून पलटून राहिला? समुद्र का माह्या बांधीत हाये?"

त्यांचे काय चुकले? टायवाला मात्र आज पुन्हा हसत म्हणतो, तो अंदाज होता! मग माझा शब्दही अंदाजच का? नाही. उद्या जुन्याच भावाने जाणार.

काकांच्या चिखलणीचे डिझेल: २,१०० रुपये.
काकांकडून येणे: १,८००.
टायवाल्याकडून येणे: ३००.