आईच्या लुगड्यांचे चीवर

शहापूर, रविवार, दि. २० एप्रिल २०२५, दुपारचे ३ वाजून १० मिनिटे

ती. अंजूताईस पंकजचा सप्रेम जयभीम, वि. वि.

शाळेच्या गणवेशांचे बाविसावे काज आत्ता पुरे केले. टेलरमास्तर जेवून येईपर्यंत लिहायला बसलो आहे. आई गेल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आपल्या विहाराच्या माडीवर समाजाने कलादालन केले आहे. बुद्धपौर्णिमेपासून तीन दिवस तिथे आजच्या बौद्ध कलेचे प्रदर्शन आहे. गॅरेजवाल्या जगदीशने सायलेन्सरच्या पत्र्यातून बुद्धमूर्ती केली. मी चीवर शिवणार आहे. भंतेजी म्हणाले, भगवंतांनी आनंदाला भाताची खाचरे दाखवली आणि भिक्खूंचे वस्त्र असेच शिवा असे सांगितले, तुकडे आणि मध्ये बांध. ऐकताना मला आई दिसली. जन्मभर तिने रंगूबाईच्या खाचरात मजुरीने लावणी केली आणि वळचणीला खोचलेल्या वेगळ्या कपातून चहा प्यायली.

म्हणून आईची चार लुगडी पाठव. एक तुकडा म्हणजे एक खाचर. वरून रंग देणार नाही, आईची लुगडी ओळखू आली पाहिजेत. खाली चिठ्ठीवर नाव लिहीन, कालकथित रखमी. जिला कोणी ओटीवर बसू दिले नाही, तिच्यापुढे लोक हात जोडतील. माझी एवढीच इच्छा आहे. शक्यतो धुऊन पाठव.

राग असला तरी मायेत अंतर देऊ नकोस.

तुझा भाऊ,
पंकज

धसई, २७ एप्रिल

चि. पंकजास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. अक्षर कसं मोत्यावानी, आठवीत शाळा सोडलेला कोण म्हणंल? म्हशाच्या जत्रेला दोस्तांबरोबर आलास, पाळण्यात बसलास, ते राघो रिक्षावाल्यानं सांगितलं. तिथून घर किती लांब ते इसरला असशील. असू दे.

चार लुगडी राघोच्या हाती पाठवली. धुतलीत, तुला वास नको म्हणून. आईचं नाव मोठं लिव. माइक दिला तर लाजू नको रे, पोट भरून बोल. आमी गावात सांगून ठेवलंय, आमचा पंकज कलाकार झाला.

माया ठेव. ठेवायला जागा नसंल तर ऱ्हाऊ दे.

अंजू

शहापूर, दि. १५ मे, सकाळचे ७ वाजून २० मिनिटे

ती. ताईस सप्रेम जयभीम, वि. वि.

दुकान उघडायच्या आधी लिहीत आहे. तू यायला हवी होतीस. चीवर समोरच्या भिंतीवर लावले होते. एका म्हातारीने त्यावर कपाळ टेकले आणि बराच वेळ उठली नाही. मला माइक दिला. मी सांगितले की या धाग्यात माझ्या आईचा घाम आहे. हिरव्या काठाचा तुकडा दाखवून म्हणालो, याच पदराने तिने माझे तोंड पुसले आहे. पुढच्या रांगेतल्या बायका रडल्या.

शिवून झाल्यावर मी ते एकदा पांघरून पाहिले होते. खरे सांगतो, आईचा वास आला.

भंतेजींनी ते कायमचे ठेवून घेतले. आता ते मूर्तीच्या मागे राहील. ही बातमी रंगूबाईच्या कानावर जाऊ दे.

एकदा ये. तुझ्या येण्याची वाट पाहणारा,
पंकज

धसई, २१ मे

पंकज,

ती लुगडी आईची नायत. रंगूबाईची हायेत. दर दिवाळीला ती मला भांडी पुसायला जुनी देते, त्यातली चार. हिरव्या काठाचं तिच्या सुनेनंपन नाकारलेलं.

आईची कुठं गेली? शेवटचे दोन महिने तिला उठवत नव्हतं. मेडिकलमधून आणलेले लंगोट आठ दिवसात सरले. मंग तिची लुगडी फाडली. दिवसाला आठ फडकी. धुऊन धुऊन पार विरली, ती मागच्या बांधाकडेला पुरली. एक राखलं होतं, ते अंगावर घालून तिला नेली. तुला सात फोन केले. दर खेपेला तू म्हणालास, गणवेशांचा सीझन हाय. तिच्या खाली काय घातलंय, हे एकदा इचारलं नायस. तिचा वास तुला कसा ठावं?

बातमी रंगूबाईला सांगितली. तुमच्या लुगड्यांवर शहापुरात लोक कपाळ टेकतात म्हटलं. तिला लय बरं वाटलं.

अंजू

शहापूर, दि. २९ मे, दुपारचे २

ती. ताईस,

पत्र वाचून कात्री घेऊन विहारात गेलो. तीच म्हातारी चीवरासमोर बसली होती, कात्री काढता आली नाही. मग भंतेजींना आणि समितीला सगळे खरे सांगितले.

भंतेजी रागावले नाहीत. म्हणाले, पूर्वी भिक्खू उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या वेचून चीवर शिवायचे, कापड कोणाचे हे कोणी विचारत नसे. म्हणून चीवर योग्यच आहे, ते राहील. पण चीवराला मालक नसतो, तेव्हा खाली नाव नको. जगदीशने चिठ्ठी सोलून माझ्या हातात दिली. गप्प बसलो असतो तर आई भिंतीवर राहिली असती. आता रंगूबाईची लुगडी राहिली आहेत आणि दर रविवारी ती झटकायचे काम समितीने मला दिले आहे.

चिठ्ठी माझ्याजवळ आहे. फडकी बांधाच्या कोणत्या टोकाला पुरलीस ते कळव. चिठ्ठी तिथे पुरायला येतो.

पंकज

धसई, १० जून

चि. पंकजास,

बांध रंगूबाईचा होता, आपला कुठं हाय? यंदा तिनं तो फोडून दोन खाचरांचं एक केलं. पालापाचोळ्याचा राब भाजून पेरणीपन झाली. जागा आता मलापन दाखवता येणार नाय.

महिन्याभरात रोप उपटायला येईल. आईच्या जागी लावणीला एक माणूस कमी हाय, रंगूबाई इचारत होती. यायचं तर ये. चहा मिळतो. कप अजून वळचणीलाच हाय.

अंजू