खळ खाणारी बुरशी आणि आमचे चेअरमन

३ फेब्रुवारी

बँकेच्या मॅनेजरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग दाराकडे.

"साहेब गाडी लावताहेत का?"

म्हटलं, साहेब नाहीत. मीच आहे.

"नाही, म्हणजे कंपनी कुणाची?"

माझी.

"हां हां. पण चालवणार कोण?"

कंपनी म्हणजे काय बस आहे!

मग समजावत बसले. कापड विणण्याआधी सुताला खळ लावतात, विणून झालं की ती काढावी लागते. सध्या गिरण्या ॲसिड ओततात, म्हणजे खळीबरोबर कापडाचाही जीव जातो. माझी बुरशी एक एन्झाइम सोडते. ते फक्त खळ खातं, सुताला हात लावत नाही. 'बुरशी' म्हटल्याबरोबर त्याने स्वतःचा चहा जरा लांब सरकवला. माझ्या पदवीला, परदेशातल्या संशोधनाला, सगळ्याला मान डोलावली आणि शेवटी म्हणाला, "लग्नानंतर काय करणार याचं?"

कर्ज विचाराधीन आहे. विचार कोण करतंय ते काही कळलं नाही.

५ फेब्रुवारी

मावशीचा फोन. "मुलगी सध्या काय करते?" आई म्हणाली, "संशोधन." खरं सांगायची हिंमत होत नाही बिचारीची. इतर घरांत पावाला बुरशी आली की फेकून देतात, आमच्या घरात तिच्यासाठी कर्ज काढतात!

१२ फेब्रुवारी

बाबांना चेअरमन केलं!

मॅनेजरनेच सुचवलं. "वडील आहेत ना? मग प्रश्नच मिटला." प्रश्न मिटला तो असा: अर्ध्याहून थोडे जास्त शेअर बाबांच्या नावावर, उरलेले माझ्या. बाबांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. एन्झाइम हा शब्द त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलाय आणि अजून नीट उच्चारता येत नाही. पण त्यांना मिशा आहेत. बँकेला तारण म्हणून तेवढ्या पुरल्या.

कागदपत्रं करताना सी.ए.ने विचारलं, एकाला शेअर विकायचे झाले तर दुसऱ्याची परवानगी लागेल असं कलम घालायचं का? मग स्वतःच हसला. "बाप-लेकीत कसली कलमं!" आम्हीही हसलो.

बाबांना एकच काम शिकवलंय. कुणी काही विचारलं की चष्मा काढायचा, सावकाश पुसायचा आणि म्हणायचं, "बघू या." पुढचं मी बोलणार. आरशासमोर सराव चालू आहे.

१५ फेब्रुवारी

कर्ज मंजूर! मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय भारदस्त माणूस आहे हो! कमी बोलतात, पण पक्कं बोलतात."

२ मार्च

जागा मिळाली. गाड्या दुरुस्त करायचं जुनं वर्कशॉप, जमिनीवर ऑइलचे डाग, भिंतीवर टायरांच्या जाहिरातीतली एक हसरी बाई. तिला राहू दिलंय. या धंद्यात माझ्याशिवाय ती एकच बाई.

काम असं. गव्हाचा कोंडा भिजवायचा, वाफेवर शिजवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, वर बुरशीचं बी शिंपडायचं आणि उबेला ठेवायचं. मदतीला दोन बायका घेतल्यात. त्यातली थोरली पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, आयुष्यभर हे पुसत आले, आता लावायचे पैसे देताय?"

२१ मार्च

पहिली खेप वाया गेली. भलतीच बुरशी आली, काळी, आगंतुक, घरची असल्यासारखी पसरलेली. सगळं जाळलं. घरी येऊन दार लावून रडले. आई म्हणाली, मावशीने एक स्थळ सुचवलंय. वेळ साधावी तर आईने!

१९ एप्रिल

जमलं! कोंड्यावर हिरवट-पिवळी, मऊसूत, एकसारखी. ट्रेसमोर उभी राहून वेड्यासारखी हसत होते. बायकांना वाटलं, बाईंना लागलं याड.

६ मे

गिरणीत चाचणी. तिथले डाईंग मास्टर म्हणजे डोक्यावरचे उरलेले चार केसही पांढरे, आणि ॲसिडवर अगाध श्रद्धा. "मॅडम, अहो, तुमचं ते पाणी कापडाला अंघोळ घालेल. खळ नाही निघायची."

परीक्षा सोपी असते. धुतलेल्या कापडावर आयोडिनचा थेंब टाकायचा. निळा झाला तर खळ शिल्लक, तपकिरी राहिला तर गेली. ॲसिडवालं कापड आधी. थेंब फिका निळा, आणि कापड मास्टरांनीच ताणलं तर टरकन फाटलं. मग माझं. तपकिरी! मास्टर कापड ओढताहेत, ओढताहेत, ते काही फाटेना. चष्म्यातून पाहिलं, चष्म्यावरून पाहिलं.

मग म्हणाले, "तुमच्या वडिलांनी मोठा शोध लावला!"

हात टेकले मी.

३० जून

चार गिरण्या आमचं एन्झाइम घेताहेत. बाबांनी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली, स्वतःची. माझी राहिली म्हणे, प्रेसवाल्याकडचा कागद संपला.

निळा कोट शिवलाय. रोज माझ्याआधी तयार असतात. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या आडोशामागचं एक टेबल, पण त्यामागे असे बसतात की येणारा चप्पल काढायची की नाही या विचारात पडतो. "बघू या" आता दोन प्रकारे म्हणतात. एकाचा अर्थ हो, दुसऱ्याचा नाही. हे मी शिकवलं नव्हतं.

१४ जुलै

आज बाबांना सूक्ष्मदर्शकातून बुरशी दाखवली. किती तरी वेळ डोळा काढेनात. मग पेन्सिल मागितली आणि चित्र काढलं. बारीक देठ, त्यावर गोल डोकं, डोक्यावर मण्यांच्या माळा. एकही रेघ खोडली नाही. म्हणाले, "अगं, ही किती सुंदर आहे! तू सांगितलंच नाहीस कधी."

कार्डांचा राग गेला. चित्र फ्रेम करून त्या टायरवाल्या बाईशेजारी लावलं.

२२ ऑगस्ट

ट्रे पुरत नाहीत. गिरण्या मागताहेत आणि आम्ही नाही म्हणतोय. आणि नेमकं आत्ताच एका मोठ्या केमिकल कंपनीचं बोलावणं! कारखाना दुसऱ्या शहरात, त्यांच्याकडे दोन मजली स्टीलची टाकी, आमचं सगळं वर्कशॉप तिच्यात मावेल. बोलणं झालं ते असं: माझ्या बुरशीची एक बॅच टाकीत करून पाहायची. जमली तर टाकी त्यांची, बुरशी माझी, कंपनी माझीच राहील, नफा वाटून घ्यायचा. नाही जमली तर ते मला 'मदत करायला' तयार आहेत. म्हणजे कंपनी विकत घ्यायला. किती ते मोठं मन!

त्यांच्या तज्ज्ञाला मी टायसाहेब म्हणते. गळ्यात टाय, बोलण्यात टाय, बहुतेक झोपतानाही टाय. माझ्याशी बोलताना तो बाबांकडे बघतो.

९ ऑक्टोबर

टाकी भरायच्या आधी टायसाहेबांनी माझी कृती वाचली आणि नाक मुरडलं. "नुसतं स्टार्चचं पाणी आणि कोंड्याचा अर्क? आपण साखर घालू. भरपूर."

म्हटलं, अजिबात नको. खळ म्हणजे स्टार्च. समोर स्टार्च असला आणि दुसरं काही खायला नसलं, तरच बुरशी तो फोडायला एन्झाइम सोडते. साखर आयती मिळाली तर कशाला कष्ट घेईल?

"मॅडम, उपाशी कामगार कधी काम करतो का?"

त्याच्या खोलीतले सगळे हसले. बाबाही हसले, जरासे. सवयीने असेल.

घातली साखर.

१४ ऑक्टोबर

बुरशी अशी फोफावली की बघत राहावं! जाड, गुबगुबीत, लाडावलेल्या कार्ट्यासारखी. टायसाहेब लोकांना बोलावून बोलावून दाखवत होते. मग कापड धुतलं, आयोडिन टाकलं. निळं. गडद निळं, शाळेच्या शाईसारखं. एन्झाइम जवळजवळ नाहीच.

टायसाहेबांचा निष्कर्ष: "बुरशीची ही स्ट्रेन कमजोर आहे. घरगुती आहे ना."

घरगुती! मी तिथेच आवाज चढवला. साखर कुणी घातली, नको कोण म्हणत होतं, सगळं काढलं. मग एक जण बाबांना म्हणाला, "साहेब, मॅडम दमल्यात." बाबांनी चष्मा काढला, पुसला.

काहीच म्हणाले नाहीत.

१५ ऑक्टोबर

बाबांशी बोलले नाही.

१७ ऑक्टोबर

बोलले. तेच आधी म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही गं. तिथे काय बोलू?" तेही खरंच. पण माझं नाव घेऊन एक वाक्य बोलले असते तर मला बळ आलं असतं. तसं त्यांना सांगितलंही. मान खाली घालून ऐकून घेतलं.

८ नोव्हेंबर

दुसरी बॅच मागितली. माझ्या कृतीने, माझ्या देखरेखीखाली, साखरेचा कणही नाही. महिनाभर नुसतं 'कळवतो' चाललंय. तिकडे गिरण्यांमध्ये बातमी पसरली की आमची बुरशी कमजोर निघाली. कोण पसरवतंय देव जाणे, टाय घालणारा देव! दोन गिरण्या परत ॲसिडवर गेल्या. मास्टरांचा फोन, बाबांना: "साहेब, मला वाईट वाटतंय. कापड फार छान व्हायचं हो."

जेवण जात नाही. कपडे ढगळ झालेत. आई काही बोलत नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. ही बॅच गेली तर वर्कशॉप, बायकांचं काम, सगळं मोडीत. आणि मी अशाच एका कंपनीत एखाद्या टायला 'येस सर' म्हणत उरलेलं आयुष्य काढणार. त्यापेक्षा टायरं विकेन.

२० नोव्हेंबर

बाबांनी विचारलं, मोठ्या कंपनीत शास्त्रज्ञांना कसं वागवतात? म्हटलं, कुंडीतल्या झाडासारखं. पाणी वेळेवर, ऊन त्यांच्या मर्जीने. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

२ डिसेंबर

मिळाली! दुसरी बॅच मिळाली! शिवाय टायसाहेब नेमके रजेवर. असं भाग्य माझ्या वाट्याला कधीपासून यायला लागलं? कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये मुक्काम. बाबांना म्हटलं चला, तर म्हणाले, "तू हो पुढे. मला इथे जरा काम आहे." चेअरमनना काम!

४ डिसेंबर

टाकी काल भरली. स्टार्चचं पाणी, कोंड्याचा अर्क, बस. इथले ऑपरेटर आधी हाताची घडी घालून उभे होते. आज त्यातल्या एकाने स्वतःहून विचारलं, "मॅडम, हवा थोडी वाढवू का?" मॅडमकडे बघून विचारलं! एवढ्याने डोळे भरून आले. कठीण आहे माझं.

बुरशी बारीक आहे, काटकुळी. दिसायला काही खास नाही.

७ डिसेंबर

तपकिरी!!

पाच वेळा कापड धुतलं, पाचही वेळा तपकिरी. ट्रेमधल्यापेक्षा कितीतरी जास्त एन्झाइम! ऑपरेटरांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्याच्या मॅनेजरने हात मिळवला, पण चेहरा भलताच पडलेला. म्हणाला, "अभिनंदन. म्हणजे... हो, अभिनंदनच." पोटात दुखलं असणार. दुखू दे!

घरी फोन केला नाही. फोनवर सांगण्यासारखी गोष्टच नाही ही. बाबांना समोर बसवून, त्यांचा चष्मा काढून घेऊन सांगणार आहे. कापडाचा तुकडा बॅगेत ठेवलाय. इतकी खूश मी आयुष्यात झाले नव्हते!

८ डिसेंबर

दार बाबांनीच उघडलं. मला बोलूच दिलं नाही.

टायसाहेब रजेवर नव्हते. आमच्याकडे होते, तीन दिवस चहा प्यायला. बाबांनी परवा स्वतःच्या वाटणीचे सगळे शेअर त्या केमिकल कंपनीला विकले. म्हणजे माझी कंपनी आता त्या लोकांची.

"मी घासाघीस केली बरं का. दोनदा नाही म्हणालो. शेवटी लिहूनच घेतलं. तुझी नोकरी कायम, मुख्य सल्लागार, वर पेन्शन. टाकी जमो नाहीतर न जमो, तुला कुणी हात लावू शकणार नाही. तुला असं झिजताना बघवत नव्हतं गं. त्या दिवशी तिथे तोंड उघडलं नाही, याचंही फार लागून राहिलं होतं. म्हटलं, एकदा तरी तुझ्यासाठी बोलावं."

इतक्या आनंदात होते की मला ओरडता आलं नाही. निळा कोट घडी करून कपाटात ठेवत होते. म्हणाले, "आता मी सुटलो आणि तूही सुटलीस."

मग विचारलं, बॅचचं काय झालं?

म्हटलं, नाही जमली.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.