ठमीची दहा मिनिटं

प्रिय ठमे,

बाबाचं पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. लिहायचंय ते तुझ्या पोटदुखीबद्दलच, पण आधी माझी फजिती ऐक. परवा गुडघ्याच्या तपासणीसाठी मला एका मशीनमध्ये सरकवलं. वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही, असं तिथल्या मुलीनं बजावलं. म्हटलं, हा तर आपला हातचा मळ! चाळीस वर्षं डार्करूमच्या अंधारात मनातल्या मनात सेकंद मोजून फोटो धुतले, एक कागद काळा पडू दिला नाही. पण तिथे आकडेच गडबडले. तास उलटला, ही बया मला विसरून जेवायला गेली, अशी खात्री झाली आणि मी चक्क बोंब ठोकली. ती धावत आली नि म्हणाली की काका, सहाच मिनिटं झालीत.

तेव्हापासून स्टुडिओतलं ते स्टूल डोळ्यांसमोरून हलत नाही. तू सहा वर्षांची होतीस. आई कामावर, म्हणून तुला डार्करूमबाहेर त्या स्टुलावर बसवलं आणि दहा मिनिटांत आलो म्हणालो. आत लाल दिवा, पाण्यात एकेक चेहरा उमटत होता. अगं, त्या वेळी मला काल नव्हता, उद्या नव्हता आणि, सांगायला लाज वाटते, तूही नव्हतीस. तू दार वाजवलंस तर कागद खराब होतील म्हणून मी आतूनच खेकसलो. बाहेर आलो तेव्हा तुझा फ्रॉक ओला झाला होता. आईला तू हुंदके देत सांगितलंस, बाबा खूप खूप वेळ आलेच नाहीत. मी हसून म्हटलं, दहाच मिनिटं तर झाली! डोक्यात घड्याळ असलेला माणूस मी. माझ्यापुढे तुझं कोण ऐकणार? मग घरात कोणी काही वाढवून सांगितलं की सगळे म्हणायचे, ही ठमीची दहा मिनिटं.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, महिनाभर पोटात दुखतंय, पण डॉक्टरला काय सांगू, मला मेलीला सगळं वाढवूनच वाटतं. तू हसलीस, मीही हसलो. नंतर जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. ठमे, त्या दिवशी बाहेर आल्याआल्या मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं. पावणेतीन तास झाले होते. तुझ्या आईच्या तोंडाला भिऊन मी तुला खोटं पाडलं आणि तीस वर्षं ते तसंच राहू दिलं. तुला बरोबर कळत होतं गं. उद्याच डॉक्टरकडे जा आणि जेवढं दुखतंय तेवढं सगळं सांग.

तुझाच,
बाबा