पहिला बोल्ट

४ मार्च, सकाळी
मी नववीत असताना बाबा म्हणाले होते, "पाइप रिकामा आहे असं जो म्हणेल, पाना त्याच्याच हातात द्यावा." बाबा फिटर होते. मी आता रसायनांच्या कारखान्यात पाइप उघडायचे परवाने देते. माझ्या सहीशिवाय इथे एक बोल्ट हलत नाही. बाबांचा पाना टेबलावर आहे. परवाने उडू नयेत म्हणून.
संकल्प : यापुढे प्रत्येक पाइप स्वतः बघूनच सही.

४ मार्च, संध्याकाळी
अकरा परवाने दिले. पाइप एकही बघितला नाही. जिने फार. उद्यापासून.

६ मार्च
मॅनेजरसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडमइतके झटपट परवाने कुणी देत नाही. टाळ्या. फिटरकाकांनी वाजवल्या नाहीत. हातमोजे होते, म्हणून असेल.

९ मार्च
गुरुवारी कॉस्टिक सोड्याची लाइन उघडायचीय. अंगावर पडलं तर कातडी जाते, डोळ्यात गेलं तर डोळा. काकांनी विचारलं, लाइन रिकामी आहे हे कशावरून? म्हटलं, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आहे. काका म्हणाले, मॅडम, तो गेल्या उन्हाळ्यापासून शून्यावरच आहे, पंप चालू असला तरी. मग म्हणाले, मोतीबिंदू काढून दोनच महिने झालेत. नवा डोळा आहे, जपून वापरतोय.
वचन दिलं : गुरुवारी तुमच्या शेजारी उभी राहीन. काका म्हणाले, बरं. त्या 'बरं'चा सूर आवडला नाही.

११ मार्च
लाइनच्या तळाचा ड्रेन, म्हणजे निचऱ्याचा नळ, उघडायला लावला. थेंबही आला नाही. म्हणजे रिकामी. बिनतोड. काकांचं म्हणणं, गार झालं की कॉस्टिक थिजतं. तोंडच बुजलं असेल तर थेंब येणार कुठून? प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय! साहेबांचे तीन फोन. सही केली. उद्या शेजारी असणारच आहे मी.

१२ मार्च, साडेदहा
हेल्मेट घालून निघाले. जिन्यात साहेब. पाहुणे आलेत, परवान्यांची पद्धत पाच मिनिटांत समजावून सांगा म्हणाले. काकांना निरोप धाडला : मी येईपर्यंत थांबा.

१२ मार्च, दुपारी
काका वीस मिनिटं थांबले. मग साहेबांचा फोन त्यांनाही गेला.
लाइन भरलेली होती. काकांनी पलीकडच्या बाजूचा बोल्ट आधी ढिला केला, म्हणून फवारा बराचसा पलीकडे उडाला; तोंडावर ढालही होती. डोळा वाचला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.
त्या वेळी मी पाहुण्यांना सांगत होते, माझ्या सहीशिवाय इथे एक बोल्ट हलत नाही.

१३ मार्च
दवाखान्यात गेले. वाटेत सगळं पाठ केलं होतं : गेज खराब, ड्रेन बुजलेला, पाहुणे अचानक. काकूंनी स्टूल पुढे सरकवलं, तिथेच सगळं विसरले. काका रागावले असते तर बरं झालं असतं. पर्समधून बाबांचा पाना काढून दाखवला. का, कोण जाणे. त्यांनी डाव्या हातात घेऊन निरखला. म्हणाले, चांगला आहे, पण एकोणीसचा. त्या बोल्टला चोवीसचा लागतो.

१४ मार्च
टेबलावर पाना नाही, काकांकडेच राहिला. पंख्याने परवाने खोलीभर झालेत. उचलले नाहीत.
काकांना चिठ्ठी लिहिली. नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. एवढंच लिहिलं : काका, बरे होऊन आलात की पहिला बोल्ट मला सोडू द्या. चोवीसचा पाना आणते.