निळ्या पट्टीचं स्टेशन

शनिवार, १२ जून १९६५

सासूबाई आज हरवल्या! फार वेळ नाही, दुर्दैवाने. आसुंतामावशींकडे पत्ते कुटून सुब्तेच्या भुयारी गाडीने परत येताना आमच्या लीमा स्टेशनला उतरल्याच नाहीत, थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत गेल्या. एक पोलीस घरी आणून सोडून गेला. वर त्यालाच दम — "जमिनीखालची स्टेशनं तेवढी जागच्या जागी ठेवता येत नाहीत होय तुम्हाला?"

आयुष्य गेलं बुएनोस आयरेसमध्ये, आणि ही तऱ्हा. ओस्वाल्दोचं तोंड एवढंसं झालं. स्वतःच्या आईपुढे नवऱ्याला कंठ फुटत नाही.

ही वही पुन्हा पिठाच्या डब्यामागे. सासूबाई नावाच्या घुबडाची नजर सगळीकडे असते.

बुधवार, १६ जून

सकाळी घुबड चष्मा लावून पेपर पसरून बसलं. "काय दिवस आलेत!" मग मला — "मयताच्या बातम्या तू वाच गं. तुझा आवाज मुळातच रडका, शोभून दिसतो."

शनिवार, १९ जून

पुन्हा! या वेळी एक स्टेशन अलीकडेच उतरल्या. ओस्वाल्दोला सापडल्या तेव्हा एका न्हाव्याशी भांडत होत्या, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान थाटायला तुला सांगितलं कोणी. न्हावी बिचारा त्याच्या बापाच्या दुकानात उभा.

डॉक्टर म्हणाले, वय झालं, डोकं दगा देतंय. ओस्वाल्दो गावाबाहेरच्या ननच्या वृद्धाश्रमात विचारून आला. जुलै संपायच्या आत पोचवू म्हणतो. मी खाली मान घालून भांडी घासत राहिले. मनात एकच — स्वयंपाकघर माझं होणार. थोडी लाज वाटली. थोडीच.

शनिवार, २६ जून

आज सोबत मी गेले. परतताना प्रत्येक स्टेशनाला सासूबाई भिंतीच्या वरच्या कडेकडे बघायच्या. लीमा आलं तरी ढिम्म.

"आई, उठा. आलं."

"हे नव्हे. आपली पट्टी निळी."

डागडुजीवाल्यांनी भिंतीवर चुना फासून ठेवलाय, निळ्या फरशीची पट्टी त्याखाली. आणि स्टेशनाचं नाव त्यांच्या नाकासमोर, हातभर अक्षरांत!

प्रत्येक स्टेशनाला वेगळ्या रंगाच्या या पट्ट्या घातल्याच मुळी अक्षरशत्रू लोकांसाठी, हे इथं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मला मात्र आज उजाडलं. फलाटावर मी विचारलं, "आणि तो पेपर?"

"चित्रं बघते."

"ओस्वाल्दोचं प्रगतिपुस्तक कोण बघायचं?"

"त्याचा बाप. मी कान बघायची. नापास झाला की लाल व्हायचे."

"अहो आई, तुम्हाला वेड लागलंय समजून आश्रमात टाकतोय तो. सांगून टाका ना."

बाकावर बसल्या. पर्स पोटाशी धरली. "वेडी म्हणू दे. वेड कोणालाही लागतं. अडाणी आईचा मुलगा नको व्हायला तो. तू बोललीस तर बघ."

एवढी ताठ बाई, आणि माझी नजर टाळत होती. मला फार वाईट वाटलं. हिच्याबद्दल असं वाटेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

एक मात्र बरं. आता वही टेबलावर पडली तरी चालेल.

शनिवार, ३ जुलै

ओस्वाल्दो कामावर गेला की दार लावून शाळा. लीमाची चारच अक्षरं, L, I, M, A. पहिलं खुर्ची, दुसरं काठी, तिसरं इटलीतल्या त्यांच्या माहेरचे, कालाब्रियातले दोन डोंगर, चौथं शिडी. मास्तरणीलाच छड्या बसतात — "नीट शिकव, पुटपुटू नकोस."

शनिवार, २४ जुलै

सासूबाईंना मावशींकडून आणताना मी ओस्वाल्दोला मुद्दाम बरोबर घेतलं. गाडी थांबली. भिंत अजून पांढरीफेक.

सासूबाई उठल्या. "काय रे, उतरायचं नाही? लीमा आलं. का तुझंही डोकं दगा देतंय?"

त्याचे कान लाल झाले. रात्री स्वतःच म्हणाला, आश्रमाचं राहू दे. स्वयंपाकघर हातचं गेलं, आणि मी वेड्यासारखी खूश आहे.

गुरुवार, २९ जुलै

एकोणतीस तारीख, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. खारट. हात घुबडाचा, बोलणी मला.

मंगळवार, १७ ऑगस्ट

शाळा चालूच आहे, अक्षरं सगळी झाली. मयताच्या बातम्या आता स्वतः वाचतात. बोट ठेवून, चवीने. मला मेलीला विचारतही नाहीत.

२९ आगस्ट

नेलिदा
ही वही टेबलावर ठेऊ नये. मी सगळी वाचली. फार दीवस लागले. न्योकीत मिठ तूच जास्त घालतेस. ओस्वाल्दोला मी काही सांगनार नाही. तूपन सांगीतल नाहीस.
घुबड