पालकाची सही

कर्वेनगर, पुणे
ता. ८ ऑक्टोबर १९९१

चि. हेमा हीस,

आईचा आशीर्वाद. तो कायमचाच आहे, म्हणून आधी लिहिला. राग आजचा आहे, तो खाली वाच.

इकडे बरं आहे. तुझ्या बाबांचा गुडघा दुखतो, तोंड मात्र नीट चालतं. समोर सोसायटी उठतेय, सिमेंट उडून वैरणीवर बसतं. झाली खुशाली.

आता तुझ्या पाकिटाचं. गुरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज सोडायचा अर्ज पाठवलास आणि वर लिहिलंस, "बाबांना सांगू नको, पालक म्हणून तूच सही कर." मी चौथी शिकलेली बाई. सहीला मला पाव तास लागतो. तो असल्या कागदावर घालवू?

काय तर म्हणे, गाईच्या आत खांद्यापर्यंत हात घातला तरी काही कळत नाही, सगळं सारखंच लागतं. मग आत काय पाट्या लावल्यात? वर्गातली पोरं हसतात. हसू देत. सकाळी पाचला जनावरांपाशी जायचं तर त्यांना नाकाला रुमाल लागतो, हे तूच सांगितलंस. तू शेणात रांगलेली पोर.

आणि हात कापतो म्हणतेस. रतन मेली तेव्हापासून.

रतनचं मला लिहायचं नव्हतं. म्हैस गेली, विषय संपला. पण तू संपू देत नाहीस.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी ओला लसूणघास खाऊन तिचं पोट ढोलासारखं फुगलं. तू नवी साडी नेसलेली, तशीच गोठ्यात शिरलीस. डाव्या कुशीवर थाप मारून बघितलंस, जागा चाचपलीस आणि जाड सुई घातलीस. फुस्सकन वारा गेला. पोट बसलं. मी शेजारी उभी होते. तुझा हात कापला नव्हता.

मग मला बजावलंस, "आई, आता तोंडावाटे काही पाजू नकोस. ती दमलीय, नीट गिळायची नाही." आणि औषध आणायला कोथरूडला गेलीस.

तुझी पाठ वळली तसे संपतकाका म्हणाले, "वहिनी, सुईनं काय हुतंय? पोरखेळ हाय. तेल पाजा."

मी पाजलं. त्यांच्यावर ढकलत नाही, ते बोलले नसते तरी पाजलंच असतं. सासूबाईंनी शिकवलेलं, पंचवीस वर्षं करत आले. बांबूचं नळकांडं, ओवा घातलेलं गोडेतेल, जीभ ओढून मान वर. रतन ठसकली. नाकातून तेल आलं. ते मी पदरानं पुसलं आणि नळकांडं वर पत्र्यात खोचलं.

तू आल्यावर विचारलंस, "काही दिलं नाहीस ना?"

"सणासुदीला आईवर संशय घेतेस?" असं मी म्हटलं. हो, मीच.

तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत गेली. तेल छातीत उतरलं होतं. मला तेव्हाच कळलं. संपतकाका दारात पाच माणसांत म्हणाले, "डाक्टरीणबाईंनी पयली म्हैस घरचीच घेतली." तू मान खाली घातलीस. मी मेथी निवडत होते. निवडतच राहिले.

काल सर्वपित्रीला सगळी भावकी जेवायला होती. संपतकाकांच्या पानात खीर वाढता वाढता सांगून टाकलं, रतनला पोरीच्या सुईनं नाही, माझ्या तेलानं मारलं. त्यांचा घास हातातच राहिला. तुझे बाबा म्हणाले, "आजच सांगायचं होतं?" मी म्हटलं, "तीन आठवडे उशीर झालाय."

तुझा अर्ज बंबात घातला. नळकांडं नाही घातलं. ते वेगळ्या पार्सलानं पाठवतेय. तुझ्या सरांना दाखव, हसणाऱ्या पोरांना दाखव. सांग, माझ्या आईनं ह्यानं काय केलं ते. पुढं कुठल्या गोठ्यात गेलीस की आधी पत्र्यात बघत जा, आणि माझ्यासारखी बाई "काही दिलं नाही" म्हणाली तर तिचा पदर हुंग.

माफी मागायची मला सवय नाही. सही येते. तुला हवीच होती ना, मग घे, ह्या कागदाखाली पुरी करते.

मथुराबाई जयसिंग ढमाले
पालक